लाल गोळीचं वेळापत्रक

२०२३ च्या ऑगस्टमध्ये, चौथा महिना लागला तेव्हा माझं हिमोग्लोबिन ८.४ निघालं. मला काहीच त्रास नाही असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे शाळेचा जिना चढताना मधल्या वळणावर थांबायची सवय लागली होती. थोरलीच्या मागे धावून दमत असेन, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. थोरली तेव्हा चार वर्षांची. मी बालाघाटला एका खाजगी शाळेत शिकवते. सासर वारासिवनीचं, माहेर गोंदियाजवळचं.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. ७ ते ९.९ म्हणजे मध्यम, ७ च्या खाली तीव्र. म्हणजे मी मधल्या गटात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांना ॲनिमिया आढळला होता. हे नंतर वाचलं आणि, का कोण जाणे, थोडं बरं वाटलं.

आकडा घरात कळल्याबरोबर उपाय सुरू झाले. सासूबाईंनी वारासिवनीहून लोखंडी कढई पाठवली. गूळ-शेंगदाणे, खजूर, तरोट्याची भाजी, डाळिंब आणि रोज सकाळी बीट. बिटाचा रंग लाल म्हणून त्यात रक्त, हा हिशोब आमच्याकडे पक्का आहे. मी सगळं खाल्लं, कारण खायला चांगलंच होतं. कढईतल्या भाजीत थोडं लोह उतरतं हेही खरं. पण इतकं खाली गेलेलं हिमोग्लोबिन हाताशी असलेल्या पाच महिन्यांत नुसत्या खाण्यानं वर येत नाही. त्याला गोळी लागते.

गोळ्या पहिल्यांदा आशा दीदीनं, म्हणजे आमच्या आशा कार्यकर्तीनं आणून दिल्या. लाल, साखरेचा लेप असलेल्या, सरकारी. ॲनिमिया नसलेल्या गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशी १८० दिवस देतात. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. माझं कमी होतं म्हणून एएनएम नर्सनं जच्चा-बच्चा कार्डावर रोज दोन लिहून दिल्या. जंताची एक गोळीही दिली. आशा दीदीनं जाता जाता सांगितलं, "खाली पेट लेना, असर ज्यादा होता है."

असर झाला. पहिल्या आठवड्यात सकाळी मळमळ, दुपारी पोटात जळजळ. मग बद्धकोष्ठ. शौचाचा रंग काळा झाला ते पाहून मी घाबरले आणि कुणाला विचारायची लाज वाटली म्हणून गप्प राहिले. गोळीतलं न शोषलेलं लोह बाहेर पडतं, त्यानं रंग काळा होतो. यात घाबरण्यासारखं काही नसतं. हे कुणी आधी एका वाक्यात सांगितलं असतं तर माझ्या दोनतीन रात्री वाचल्या असत्या.

शेजारपाजारचं वेगळंच होतं. ही गोळी उष्ण पडते. हिनं बाळ काळं होतं. बाळ पोटात फार मोठं होतं आणि मग सिझर करावं लागतं. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी तर त्यांच्या वेळच्या लाल गोळ्या सगळ्या वैनगंगेत सोडल्याचं हसत हसत सांगितलं. माझा त्यावर विश्वास नव्हता, पण रोज ओकारी काढणाऱ्या माणसाला गोळी टाळायला कारण पुरतं. नवरा म्हणाला, "चल, खाजगीत दाखवू."

खाजगी दवाखान्यात तीन औषधं मिळाली. फेरस ॲस्कॉर्बेटची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि जळजळीसाठी ॲसिडिटीची कॅप्सूल. लोहाच्या दहा गोळ्यांची पट्टी दोनशे रुपयांच्या घरात. औषधवाल्यानं तिन्हींच्या छोट्या पाकिटांवर पेनानं खुणा करून दिल्या. कॅप्सूल सकाळी उपाशीपोटी. कॅल्शियम आणि लोह दोन्ही रात्री, जेवणानंतर. मी तसंच घेतलं, वर कपभर दूध. मळमळ खरंच कमी झाली. पैसे गेले पण पोट शांत झालं म्हणून मी खूश होते.

एक दिवस ती गोळी दुकानात संपली होती. औषधवाल्यानं दुसरी पट्टी पुढे केली. "सेम है, बस कंपनी अलग है." डबी तशीच गुलाबी, नावही मिळतंजुळतं. घरी येऊन मी गोंदियाच्या नणंदेला फोन केला. त्या तिथे स्टाफ नर्स आहेत, मी त्यांना ताई म्हणते. मी नाव सांगायला लागले तर त्यांनी तोडलंच. "काय व, नाव नको सांगू मले. पट्टी उलटी कर अन् मागची बारीक अक्षरं वाच."

पट्टीच्या मागची अक्षरं चमकत्या चंदेरी कागदावर, तांबूस शाईत, मुंगीएवढी. खिडकीपाशी नेऊन तिरकी धरली तेव्हा कुठे वाचता आली. जुन्या पट्टीवर होतं: फेरस ॲस्कॉर्बेट, १०० मि.ग्रॅ. एलिमेंटल आयर्नएवढं, आणि फोलिक ॲसिड १.५ मि.ग्रॅ. नव्या पट्टीवर होतं: आयर्न हायड्रॉक्साइड पॉलिमाल्टोज कॉम्प्लेक्स, एलिमेंटल आयर्न १०० मि.ग्रॅ. म्हणजे कंपनी वेगळी नव्हे, औषधच वेगळं. मग ताईंनी घरातली बाजूला टाकलेली सरकारी पट्टीही वाचायला लावली. फेरस सल्फेट, एलिमेंटल आयर्न ६० मि.ग्रॅ., फोलिक ॲसिड ५०० मायक्रोग्रॅम.

त्या संध्याकाळी ताईंनी फोनवर जे समजावलं ते मला आजवर कुठल्याच दवाखान्यात कुणी सांगितलं नव्हतं. गोळीत लोह बहुधा एकटं नसतं, ते कुठल्यातरी क्षाराच्या रूपात असतं. त्या क्षाराचं वजन वेगळं, त्यातल्या लोहाचं वेगळं, जसं शेंगेचं वजन वेगळं आणि दाण्याचं वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात ६० मि.ग्रॅ. लोह मिळायला फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट ३०० मि.ग्रॅ. लागतं, फेरस फ्युमरेट १८० आणि फेरस ग्लुकोनेट ५००. म्हणून पट्टीवर मोठ्या अक्षरांत ३०० किंवा ५०० दिसलं की गोळी जास्त ताकदीची, असं नसतं. बघायचं ते 'एलिमेंटल आयर्न'. तो आकडा ज्या पट्टीवर सापडत नाही ती ताई परत करायला सांगतात.

पोटाच्या बाबतीत फरक असतोच. सल्फेट आणि फ्युमरेट सगळ्यात जुने, स्वस्त आणि कामाचे, पण बऱ्याच बायकांना त्यानं मळमळ आणि बद्धकोष्ठ होतं. ॲस्कॉर्बेटमध्ये क जीवनसत्त्वाची जोड आहे. पॉलिमाल्टोज पोटाला सौम्य, जेवणासोबत चालतं, पण त्यातलं लोह फेरिक प्रकारचं असतं आणि हळू शोषलं जातं. रक्त लवकर वाढवायचं असेल तर ताई तिकडे वळत नाहीत. बिसग्लायसिनेट म्हणून एक आणखी महाग प्रकार आहे. डेन्मार्कमधल्या २०१४ च्या एका अभ्यासात गरोदर बायकांना त्याचं २५ मि.ग्रॅ. लोह सल्फेटच्या ५० मि.ग्रॅ. इतकंच उपयोगी पडलं होतं. मात्र तो अभ्यास ॲनिमिया होऊ नये म्हणून गोळी देण्याचा होता. माझ्यासारख्या ८ च्या घरातल्या बाईवर उपचाराचा नव्हे. हा फरक जाहिरातीत कुणी सांगत नाही.

मी नवी पट्टी परत केली. औषधवाला कुरकुरला, पण त्यानं घेतली.

ऑक्टोबरच्या ९ तारखेला ताईंनी आग्रह करून मला जिल्हा रुग्णालयात पाठवलं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर बायकांची डॉक्टरकडून मोफत तपासणी असते. २०१६ पासून आहे. गर्दी मरणाची होती. बैहर-परसवाड्याकडून पहाटेच्या बसनं आलेल्या बायका पायऱ्यांवर डबे उघडून बसल्या होत्या. हिमोग्लोबिन ८.७ आलं. इतके दिवस महागडी गोळी घेऊन ०.३ ची वाढ. मला तिथेच रडू आलं. शेजारच्या बाईनं न विचारता तिच्या पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

डॉक्टर मॅडमनी आधी सगळी औषधं टेबलावर काढायला लावली. पाकिटांवरच्या पेनाच्या खुणा पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घेतलं की कॅल्शियम लोहाला आत जाऊ देत नाही. वर दूध, म्हणजे पुन्हा कॅल्शियम. सकाळच्या कॅप्सूलनं पोटातलं आम्ल कमी होतं आणि लोह शोषायला नेमकं तेच आम्ल लागतं. गोळी उत्तम होती, पण तिची वाट तिन्ही बाजूंनी अडवलेली होती. चहाचं विचारलं तेव्हा मी खरा आकडा सांगितला नाही, एक कप कमी सांगितला. तरी त्या म्हणाल्या, "जेवणाच्या आणि गोळीच्या आगेमागे तासभर चहा नाही." चहातलं टॅनिनही लोह धरून ठेवतं.

मग त्यांनी सिकलसेलची तपासणी सांगितली. आमच्या भागात हा रक्ताचा आनुवंशिक आजार नवा नाही, इकडे बालाघाट-मंडल्यात नाही आणि तिकडे गोंदिया-गडचिरोलीतही नाही. २०२३ च्याच १ जुलैला शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली होती. पण मी हा आजार आदिवासींचा समजत होते, आपल्यात कुठे. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली आणि नमुना पुढच्या तपासणीला गेला. रिपोर्ट आला: वाहक. आजार नाही, पण दोनपैकी एक जनुक सिकलचं.

आता नवऱ्याचं रक्त तपासायचं होतं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. त्याचा रिपोर्ट येईपर्यंत मी घरात धड बोलले नाही. राग नव्हता, पण तोंड उघडलं की थोरलीचा विषय निघेल आणि मग मला आवरता येणार नाही, असं वाटायचं. रिपोर्ट नॉर्मल आला. म्हणजे मुलं फार तर माझ्यासारखी वाहक असू शकतात, आजारी नाहीत. नवऱ्यानं त्या दिवशी घरी यायच्या आधी शाळेतच फोन केला. तास चालू असताना मी फोन कधी उचलत नाही, तेव्हा उचलला.

या तपासणीचा लोहाशी थेट संबंध आहे म्हणून इतकं सांगितलं. वाहक असल्यानं हिमोग्लोबिन कमी होत नाही, त्यामुळे ८.४ चं खापर सिकलवर फोडता येत नव्हतं. उलट ज्यांना प्रत्यक्ष सिकलसेल आजार आहे, त्यातही ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यांच्या शरीरात लोह जास्त साठलेलं असू शकतं. तिथे डोळे झाकून लोहाच्या गोळ्या देत नाहीत. थॅलेसीमियाच्या वाहकांचं हिमोग्लोबिनही थोडं कमी असतं आणि ते लोहानं हलत नाही. माझं फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी, बाहेरच्या लॅबमध्ये केलं, ते ९ आलं. १५ च्या खाली म्हणजे साठा संपलेला. लोहाचीच कमतरता, हे तेव्हा कागदावर ठरलं.

मॅडमनी मला परत सरकारी लाल गोळीवर आणलं. मी नाक मुरडलं, तर म्हणाल्या, लोह लोहच आहे, वेळ सांभाळा. एका महिन्यात एक ग्रॅम वाढलं तर ठीक, नाही तर शिरेतून द्यावं लागेल. त्या दिवशी पलीकडच्या पलंगावर आठवा महिना उलटलेल्या एका बाईला सलाईनमधून लोह चालूच होतं. तिचं सहाच्या घरात होतं, आणि गोळीनं वाढेल एवढे दिवस हातात उरले नव्हते.

वेळापत्रक असं बसलं. पहाटे उठल्यावर चहा, मग पोहे किंवा भाकरी. शाळेत अकराच्या सुमारास पहिली लाल गोळी, लिंबाच्या पाण्यासोबत. कॅल्शियमच्या दोन गोळ्या, एक दुपारच्या आणि एक रात्रीच्या जेवणासोबत. रात्री जेवण लवकर आणि दोन तासांनी झोपताना दुसरी लाल गोळी. दूध संध्याकाळी पाचला. ॲसिडिटीची कॅप्सूल मॅडमनी बंद केली. थोडं थोडं खा, रात्री लगेच आडव्या होऊ नका, एवढ्यावर भागलं. मळमळीसाठी पहिले काही दिवस फक्त रात्रीची एकच गोळी, सोसली की दुसरी सुरू. अगदीच मळमळलं तर सोबत दोन घास खायची परवानगी. त्यानं लोह थोडं कमी शोषलं जातं, पण उलटून पडण्यापेक्षा बरं. उपाशीपोटीच घ्या असं छातीठोक सांगणाऱ्यांनी हे दुसरं वाक्यही सांगावं.

सगळ्यात अवघड गेलं ते शाळेत. अकराला स्टाफरूममध्ये चहा येतो. चपराशी भैया किटली घेऊन दारात आणि मी पर्समधून लिंबूपाण्याची बाटली काढते. पहिले काही दिवस सगळ्या चिडवायच्या. मग एकीनं हळूच विचारलं, तिच्या बहिणीचं ९ आहे, ही गोळी कधी घ्यायची. तिला मी वहीच्या पानावर लिहून दिलं. बद्धकोष्ठासाठी इसबगोल, भरपूर पाणी आणि थंडीत पेरू. पेरूत क जीवनसत्त्वही भरपूर, त्यामुळे तो मी गोळीच्या वेळेलाच खायचे.

ज्यूरिखच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचं मी मॅडमना विचारलं होतं. रोज लोह घेतलं की शरीर हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं. दिवसाआड घेतलं तर शोषण सुधारतं. मॅडमना ते माहीत होतं. "त्यातल्या बायका गरोदर नव्हत्या," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही ८.७ वर आहात. रोजच घ्या." ज्यांचा साठा थोडाच कमी आहे त्यांनी आपल्या डॉक्टरना जरूर विचारावं. मनानं दिवसाआड करू नये.

गोळीत लोहासोबत फोलिक ॲसिड का असतं, हेही त्याच दिवसांत वाचनात आलं. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये राहून गिरणी कामगार बायकांच्या गरोदरपणातल्या ॲनिमियाचा शोध घेऊ लागली. तो ॲनिमिया वेगळ्या जातीचा होता, रक्तपेशी मोठ्या होणारा. यीस्टच्या अर्कानं तो बरा होतो हे तिनं १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातलं अज्ञात द्रव्य म्हणजे पुढे फोलिक ॲसिड निघालं. परळच्या त्या बायकांची नावं कुठे नाहीत, पण त्यांच्या रक्तातून कळलेलं माझ्या लाल गोळीत ५०० मायक्रोग्रॅम आहे.

९ नोव्हेंबरला, दिवाळी तोंडावर असताना, ९.८ आलं. मी रांगेतूनच ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आता फराळावर चहा नको ढोसू." डिसेंबरात १०.५. तेव्हा मॅडमनी एकच गोळी ठेवावी का याचा विचार केला आणि दोनच चालू ठेवल्या. जानेवारीत ११.१ झाल्यावर एक केली. फेब्रुवारीत मुलगा झाला, साधं बाळंतपण. तो काळाही झाला नाही आणि फार मोठाही नाही, २ किलो ८००. रक्त गेलं, पण चढवावं लागलं नाही. तेव्हा ८.४ असतं तर काय झालं असतं, हे मी एकदाच विचारलं. मॅडम म्हणाल्या, "ते आता कशाला." मीही पुन्हा विचारलं नाही.

बाळंतपणानंतर गोळी सुटते असं बहुतेकींना वाटतं. माझ्या जावेनं तिच्या वेळी दवाखान्यातून घरी येतानाच बंद केली होती. मी पुढचे सहा महिने रोज एक घेतली. ११ आलं म्हणजे रक्त भरलं, पण खालचा साठा भरायला वेळ लागतो.

एक गोष्ट राहिली. लाल गोळीवर साखरेचा लेप असतो, त्यामुळे ती लहान मुलांना चॉकलेटच्या गोळीसारखी दिसते. एका दुपारी बाळाला पाजत असताना थोरली पलंगावर पट्टी घेऊन बसलेली दिसली. एक गोळी बाहेर काढून तिनं चाटली होती, लेपाचा लाल डाग ओठावर. गिळली नव्हती. मी पट्टीतल्या गोळ्या पुन्हा पुन्हा मोजल्या, ताईंना फोन केला. मूठभर लोहाच्या गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. असं कधी झालं, निदान शंका जरी आली, तरी घरी उलटी काढायच्या नादाला न लागता पट्टीसकट तडक दवाखाना गाठायचा. तेव्हापासून गोळ्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, झाकणाच्या डब्यात असतात. तिथे माझाही हात स्टुलाशिवाय पोचत नाही.